चार पिक्सेलचे ओठ

दिवसा मी टॉवेलांवर मोर काढते.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात, एसीची हवा फक्त मशीनला.
आलेखाचा चौकोन काळा, म्हणजे धागा वर;
पांढरा, म्हणजे खाली.
असे चौदाशे चौकोन भरले की एक पिसारा होतो
आणि जर्मनीत कुणीतरी त्याला तोंड पुसतं.

रात्री तेच चौकोन घरी येतात.
म्हणजे सवय येते. चौकोन मालकाचे.

पूर्व भागात, दोन खोल्यांत, पंख्याखाली
तीन वर्षं झाली, मी एक गिरणी बांधतेय.
साल एकोणीसशे सव्वीस.
गिरणीला नाव नाही, सगळं मनचं आहे,
पण भोंगा खरा हवा होता. सात वेळा केला.
आठव्यांदा शेजारची कोंबडी दचकली, तो ठेवला.

ईरय्या साच्यावर आहे. पोशव्वा कांड्यांची टोपली आणते.
गेम एवढाच:
टोपली रिकामी व्हायच्या आत
त्याने काहीतरी बोलायचं.
बाण दाबा, चाला. स्पेस दाबा, बोला.

वहिनी म्हणते, दुसऱ्यांची जुळवतेस रात्र रात्र.
याचे मिळतात किती?
मी म्हणते, लाईट बिल येतं.

पॅकिंगमधला तौसीफ पहिल्यांदा खेळला.
त्याने ईरय्याला थेट तळ्याच्या पाण्यावरून चालवत
देवळापर्यंत नेलं.
म्हणाला, सिद्धेश्वराच्या गावात हे खपेल,
पण दुरुस्त कर.
केलं. आता तो काठावर थबकतो,
जरा जास्तच थबकतो,
ते मी तसंच राहू दिलं.

अडलं ते बोलण्यापाशी.
दोनशे साचे एकदम धडधडत असताना
कोण कुणाला काय ऐकू जाणार?
नानांनी एकतीस वर्षं पॉवरलूम चालवले,
कान तिथेच ठेवून आले.
ते म्हणायचे, शेडमध्ये गळा वापरायचाच नसतो.
ओठ बघायचे.
आई त्याच शेडमध्ये कांड्या भरायची.

मग मी आवाज काढून टाकला.
पोशव्वाला ओठ दिले, चार पिक्सेलचे.
दोन वर, दोन खाली,
उघडे, मिटलेले, अर्धे.
खाली चौकटीत शब्द: ‘मी तुझ्याशिवाय राहू शकत नाही.’
अकरा वेळा बदललेलं वाक्य.
प्रत्येक वेळी टॉवेलवरचा मोर वाटायचं.

रविवारी दुपारी, त्रेचाळीस डिग्री,
नाना चष्मा शोधत आले.
लॅपटॉपपुढे बसले, कडक भाकरीचा तुकडा हातात,
शेंगाचटणीचं बोट कीबोर्डला लागू नये म्हणून
करंगळीने बाण दाबत.

ईरय्या चालला. पोशव्वा आली.
चार पिक्सेल हलले.
चौकटीतलं वाक्य नानांनी वाचलंच नाही.
मराठी वाचायला त्यांना वेळ लागतो,
आणि ते बघत होते वर.

“तिन्नावा, म्हणतेय ती,” नाना म्हणाले.
“जेवलास का, विचारतेय.”

मी म्हटलं, नाही, ती म्हणतेय की...
त्यांना ऐकू गेलं नाही.

ते हसत होते. स्क्रीनकडे बघून त्यांनी
मान हलवली. हो, जेवलो.
मग भाकरीचा तुकडा थोडा वर धरला,
दाखवल्यासारखा.

पुढे जायला स्पेस, मी खूण केली.
त्यांनी हात मागे घेतला.

टोपली रिकामी होऊ नये म्हणून
त्या रात्री मी फक्त एक आकडा बदलला.
आणि चौकटीतलं वाक्य पुसलं.
रिकामी चौकट तशीच आहे अजून.

सोमवारी तौसीफ म्हणाला,
इथे गेम अडकतो गं,
ती नुसती उभी राहते.

बॅटरी वाचवायला स्क्रीन काळी होते.
हात लावला की
ती तिथेच, कमरेवर टोपली,
ओठ अर्धे.